काळी चारची पेटी

उन्हाळा लागला की आमच्या घरी एक भांडण ठरलेलं असायचं. पांढुर्ण्यातली बाकीची घरं पाण्यावरून भांडायची, आम्ही कोणत्या कार्यक्रमाला जायचं यावरून भांडायचो. कापूस घरातून निघून गेलेला, संत्र्याची तोड आटोपलेली, मजुरीला जाणाऱ्यांचे हात मोकळे, म्हणजे गाण्याचा हंगाम सुरू. चैत्रात जामसांवलीला मारुतीच्या देवळात भजनी मंडळं जमायची. चौदा एप्रिलची जयंती खरं तर एका दिवसाची, पण गाणाऱ्या पार्ट्या मोजक्या आणि गावं फार, म्हणून प्रत्येक गाव ती आपापल्या सोयीने साजरी करायचं आणि एप्रिल महिना पुरायचा नाही. शेवटी वैशाखातली पुनव. बाबा नगरपालिकेच्या जकात घेणाऱ्या चुंगी नाक्यावर नोकरीला, त्यांना रजा मिळायची एका दिवसाची. त्या एका दिवसात सगळा उन्हाळा बसवायचा असायचा.

भांडण मीच उकरून काढायचे. आधी सावरगावचा कार्यक्रम धरून बसायचे. सगळे हो म्हणाले की मला लगेच वाटू लागायचं, खरी मजा सौंसरला असणार. सौंसर ठरलं की जीव आणखी तिसरीकडे. माय म्हणायची, "हिच्या पायाले भिंगरी हाय. सासरी हे एक दिवस नाही टिकाची." मला राग यायचा, कारण मला स्वतःलाही तसंच वाटायचं.

आम्ही नुसते ऐकायला जात नव्हतो. माझी मोठी बहीण गायची आणि मी पेटी वाजवायचे. मोठीला आम्ही 'बाई' म्हणायचो, ती मला 'लहाने' म्हणायची. आमच्या वस्तीत 'दोघी बहिणी' एवढं म्हटलं की लोकांना कळायचं. मांडवात मोठी पार्टी यायला उशीर झाला की आम्हाला चढवून द्यायचे, आणि मोठी पार्टी नेहमीच उशिरा यायची, त्यामुळे आमचं बरं चालायचं.

पेटीची गोष्ट सांगायला हवी. बाबांनी ती एका मोडलेल्या भजनी मंडळाकडून आणली होती. भाता ठीक होता, लाकूड ठीक होतं, पण दोन सूर मेलेले होते. पांढरी दोन आणि पांढरी सहा. सगळ्या सप्तकांत. दाबले की नुसती हवा जायची. बाबांनी पेटी उघडून फुंकून पाहिलं, ब्लेडने खरवडून पाहिलं, आणि हात टेकले. दुरुस्त करणारा नागपूरला होता आणि नागपूरला जाणं दरवर्षी पुढच्या वर्षावर जायचं. मग बाबांनी डोकं चालवलं. पेटीवाले गाण्याची पट्टी सांगताना सा कोणत्या काळ्या किंवा पांढऱ्या सुरावर धरायचा ते सांगतात. बाबांनी एकेक पट्टी लावून पाहिली आणि काळी चार शोधून काढली. काळी चारवर सा धरला तर आमच्या गाण्यांत ते दोन मेलेले सूर लागतच नव्हते. बाबा इतके खूश झाले की त्यांनी बाईची नखपॉलिशची बाटली घेतली आणि त्या पट्टीतल्या सुरांवर लाल ठिपके लावून दिले. मी त्या ठिपक्यांवर शिकले. सहा वर्षं त्या ठिपक्यांच्या बाहेर माझं बोट गेलं नाही, आणि मी स्वतःला पेटीवाली समजत होते.

बाई कधी कधी गळ्याला हात लावून म्हणायची, "लहाने, खाली खाली वाटते वं मले. जराशी वर घे ना."

"वर कुठी घेऊ? वर पेटीच नाही," मी म्हणायचे. "जिथं पेटी हाय तिथं गा."

ती गायची. लोक म्हणायचे, गळा गोड आहे, पण लहान आहे. भोंगा नसेल तर मागच्यांना ऐकू जात नाही. मीही तेच म्हणायचे, आणि वरून असंही म्हणायचे की पेटी चांगली साथ देते म्हणून निभतं. जाम नदीवर धुणं धुताना ती मोकळी गायची तेव्हा पलीकडे सावरगावच्या काठावरच्या बाया मान वर करून पाहायच्या, हे मी पाहिलं होतं. पण नदीवर काय, सगळेच ओरडतात, असं मला वाटायचं.

मग बाईचं लग्न झालं आणि ती सौंसरला गेली. पेटी राहिली, मी राहिले, गाणं गेलं. मी अठरा वर्षांची होते, शाळा संपली होती, आणि मला पाहायला दोनदा पाहुणे येऊन गेले होते. घरात मी या खोलीतून त्या खोलीत फिरायचे. खोल्या दोनच होत्या.

त्या वर्षी पुनवेच्या आठ-दहा दिवस आधी बाईचं कार्ड आलं. सौंसरच्या महिला मंडळाचा गायनाचा कार्यक्रम होता, विहारापुढच्या मांडवात. तिच्या सासूबाई त्या मंडळाच्या प्रमुख. लग्नानंतर बाई पहिल्यांदाच चार लोकांपुढे गाणार होती. मंडळाकडे पेटी नव्हती, आणि तिने सगळ्या बायांना सांगून ठेवलं होतं की माझी बहीण पेटी घेऊन येणार आहे. खाली लिहिलं होतं, 'दुपारी तीन वाजता आहे. तीन म्हणजे तीनच. एकच्या बसने ये. तू नाही आली तर माझी फजिती होईल.' 'फजिती'खाली तिने रेघ मारली होती.

मी ते वाचून हसले. तीन म्हणजे तीन! आजवर एक कार्यक्रम वेळेवर सुरू झालेला मी पाहिला नव्हता. पत्रिकेत आठ लिहिलं की अकरा, सात लिहिलं की दहा. आधी पाहुण्यांची वाट, मग भोंग्याची तार, मग हार आणणारा कुठे गेला त्याचा शोध. लग्न करून बाई शहाणी झाली, असं मी मायला म्हटलं.

आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या मंडळाचे सेक्रेटरी काका घरी आले. पुनवेलाच पांढुर्ण्यात नागपूरची एक मोठी गायन पार्टी येणार होती. त्यातली गायिका नावाजलेली, तिची गाणी कॅसेटवर निघालेली. काका ओट्यावर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "त्याईच्या पेटीवाल्याच्या घरी लगन हाय. थो येऊन नाही राहिला. मी सांगून देलं, आमच्याकडे पोरगी हाय. अकरा वाजता शाळेत ये, गाणारी बाई पाहून घेईन तुले. जमलं तर संध्याकाळी तूच बस."

 मला पुढचं सगळं दिसायला लागलं. ती गायिका म्हणणार, ही पोरगी आमच्याबरोबर द्या. मी पार्टीबरोबर अमरावती, यवतमाळ, भंडारा फिरणार. मला पाहायला पाहुणे आले तर घरात मी नसणार. हे सगळं मी काकांचा पाण्याचा गडवा परत आत नेईपर्यंत ठरवून टाकलं.

मग सुरू झाली तगमग. आठ दिवस मी कोणाला नीट बोलू दिलं नाही. सकाळी उठले की सौंसर ठरवायचे, कारण रात्रभर ती 'फजिती'खालची रेघ डोळ्यांपुढे असायची. दुपारपर्यंत नागपूरची पार्टी जिंकायची. ती गायिका काही रोज येणार नव्हती, बाई कुठे पळून जात होती? संध्याकाळी पुन्हा सौंसर. मी पेटी काढायचे, दोन मिनिटं वाजवायचे, बंद करायचे. माय म्हणाली, "बाईचा सासरी पयला कार्यक्रम हाय. यात ठरवाचं काय हाय?" तिला मी फाडकन म्हटलं, "तुले सगळं बाईचंच दिसते." बाबांना विचारलं तर त्यांनी वर पाहिलंही नाही. "तुहं तू पाय. पण नाही जाशीन तं कार्ड टाकून दे. वाट पायते थे."

कार्ड मी टाकलं नाही. कारण माझ्या डोक्यात एक नामी युक्ती आली होती. दोन्ही डगरींवर हात ठेवायची युक्ती. अकराला शाळेत जायचं, तासाभरात गायिकेला वाजवून दाखवायचं, एकची बस पकडायची, अडीचला सौंसर. तीनचा कार्यक्रम पाचला सुरू होणार. बाईची दोन गाणी वाजवायची, सातच्या बसने परत, साडेआठला पांढुर्णा. इथला कार्यक्रम दहाच्या आत उभा राहत नाही हे तर पोराटोरांनाही माहीत. कुठेही चुकत नव्हतं. मी मायला हिशेब बोटांवर करून दाखवला. ती म्हणाली, "तुह्या बोटावर सगळंच बसते."

पुनवेला सकाळीच ऊन चढलं होतं. मी धुतलेली पांढरी साडी नेसले, पेटी चादरीत बांधली आणि अकराला दहा मिनिटं असताना शाळेत जाऊन बसले. वर्गात कोणी नव्हतं. साडेअकरा झाले. बारा झाले. सेक्रेटरी काका दोनदा येऊन म्हणाले, "येऊनच राहिले." नागपूरची पॅसेंजर उशिरा होती. सव्वाबाराला पार्टी आली. मग त्यांचं हातपाय धुणं, मग जेवण. जेवणात वांग्याची भाजी तिखट झाली म्हणून गायिकेला ताक हवं झालं, ताक शोधायला माणूस गेला. मग ती म्हणाली, जराशी पाठ टेकते. बेंचवर चादर घालून तिने खरंच डोळे मिटले.

पावणेएक वाजले होते. स्टँड शाळेपासून जवळच. मी उठले, पेटी काखेला मारली, दारापर्यंत गेले. परत आले. पुन्हा गेले. तबलेवाला माझ्याकडे पाहून म्हणाला, "पोरी, एका जागी बस, मले गरगरून राहिलं." मी बसले. एकच्या बसचा हॉर्न ऐकू आला, दोनदा, लांबलचक. तो कंडक्टर तसाच वाजवायचा, कोणी राहिलं असेल तर धावत यावं म्हणून. मी जागची हलले नाही. स्वतःला म्हटलं, तीनची बस आहे की. साडेचारला पोचते. तीन म्हणजे पाच.

आज कोणी मला विचारलं की तू कार्यक्रम कधी निवडलास, तर मी तो हॉर्न सांगेन. त्याआधीचे आठ दिवस नुसता तमाशा होता.

गायिका उठली तेव्हा दोन वाजून गेले होते. जाडजूड, पान खाणारी, बोलायला मोकळी बाई. तिने मला तिची पेटी पुढे सरकवून दिली. चकचकीत पेटी, सगळे सूर जिवंत. मी भाता सोडला आणि खाली पाहिलं, तर ठिपके नव्हते. एका रांगेत नुसती पांढरी-काळी.

"काळी एक धर," ती म्हणाली.

"मी काळी चार वाजवते," मी म्हणाले.

"अवं, तू वाजव ना काळी चार घरी. मी काळी एक गाते."

तिने आलाप घेतला. मी सा शोधला, तो सापडला. रे चुकला. ग कुठे आहे ते मला मोजावं लागलं. ती पुढे गेली आणि मी मागे पांढऱ्या-काळ्यात चाचपडत राहिले. घामाने बोटं घसरत होती. तबलेवाल्याने तबला थांबवला. ती मात्र रागावली नाही. तिने माझा हात पेटीवरून उचलून बाजूला ठेवला आणि विचारलं, "कोणासाठी वाजवतं तू रोज?"

"बहिणीसाठी."

"तिची पट्टी काळी चार हाय?"

"हो."

"मंग थे कुठी हाय आज?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते लाजेचं होतं, आणि रागाचंही. तिने पेटी तबलेवाल्याकडे सरकवली, त्याला थोडी येत होती, आणि ती लगेच गायला लागली. मी माझी चादरीतली पेटी उचलून बाहेर पडले. सेक्रेटरी काका दारात म्हणाले, "काय झालं? पाह्यलं का तुले?" पाहिलं, मी म्हटलं.

तीनची बस साडेतीनला सुटली. पेटी मांडीवर, खिडकीची लोखंडी पट्टी हाताला चटके देणारी. मी मनातल्या मनात ड्रायव्हरला शिव्या देत होते. त्याने वाटेत दोनदा पाणी पाजायला गाडी थांबवली, गाडीला. जामसांवलीच्या फाट्यावर दर्शन घेऊन आलेली माणसं चढली, आणि त्यांचे नारळ, पिशव्या, प्रसाद सगळं वर घेईपर्यंत कंडक्टर तिकीट फाडत बसला. एका म्हातारीने माझ्या पेटीवरच प्रसादाचा पुडा ठेवला. मी तिला चिडून काही बोलणार होते, तेवढ्यात तिने त्यातलं खोबरं काढून माझ्या हातावर ठेवलं. "गायले चालली का वं?" तिने विचारलं. मी मान हलवली. दुसरं काय सांगणार?

खरं सांगायचं तर माझ्या मनात फक्त घाई नव्हती. त्यात दुसरंही काहीतरी होतं, आणि ते मला आजही सांगायला जड जातं. मला वाटत होतं, बाई थांबली असेल. पेटीशिवाय ती उभीच राहू शकणार नाही. सगळ्या बाया थांबल्या असतील आणि मी पोचले की म्हणतील, आली, पेटीवाली आली. शाळेत झालेला अपमान तिथे धुऊन निघेल. मी तिला वाचवायला चालले होते, पण त्यासाठी आधी ती अडचणीत असणं मला हवं होतं.

सौंसरच्या स्टँडवर उतरले तेव्हा पाच वाजून गेले होते. पेटी डोक्यावर घेऊन मी जवळजवळ धावतच विहारापर्यंत गेले. मांडव होता. मांडवात चार बाया सतरंज्यांच्या घड्या करत होत्या. एकीने माझ्याकडे, मग पेटीकडे पाहिलं.

"पांढुर्णेवालीची बहीण का तू? पेटीवाली?"

"हो. कार्यक्रम कधी सुरू होणार?"

तिघी एकदम हसल्या. चौथी म्हणजे बाईच्या सासूबाई. त्या हसल्या नाहीत. सतरंजी खांद्यावर टाकून त्या म्हणाल्या, "झाला कार्यक्रम. तीनले सुरू केला, साडेचारले संपवला. हा काय माणसाईचा कार्यक्रम हाय का, कधीबी सुरू कराले? साडेपाचले सगळ्याईले चुलीपाशी पायजे. पुनवेची खीर कोण रांधन?"

मी तिथेच उभी राहिले. इतके उन्हाळे मी कार्यक्रम पाहिले, आणि सगळे पुरुषांचे पाहिले. त्यांच्या मागे घरी कोणीतरी स्वयंपाक करून, झाकून ठेवून बसलेलं असायचं, म्हणून त्यांच्या आठाचे अकरा होऊ शकत होते. बायांचा कार्यक्रम मी पाहिलाच नव्हता.

"मग बाई?" मी विचारलं. "ती गायली नसेल."

"गायली नाही?" सतरंजीची दुसरी बाजू धरलेली म्हणाली. "अवं, काय गायली! भोंगा खराब झाला होता. शाळेच्या पल्याड टपरीवरचे माणसं बाहीर येऊन उभे राह्यले. तुह्या बहिणीचा गळा म्हंजे गळा हाय बापा!"

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पहिला विचार आला, ही कोणाबद्दल बोलते आहे? बाईचा गळा लहान आहे. सगळ्या पांढुर्ण्याला माहीत आहे.

सासूबाईंच्या मागे मागे मी घरी गेले. बाई अंगणातल्या चुलीपुढे बसून खीर हालवत होती. चेहरा धुरानं लाल. मला पाहून ती उठली नाही, पळी सोडता येत नव्हती म्हणून. "आली का वं," ती म्हणाली. "किती उन्हाची आली. पाणी पे आधी."

"बस उशिरा सुटली," मी म्हणाले.

तिने मान हलवली. मग खीर ढवळता ढवळता, जणू दुसरंच काही सांगते आहे अशी म्हणाली, "मी स्टँडवर आली होती अडीचले. कंडक्टर म्हणे, मी दोन डाव हॉर्न मारला, पेटीवाली नाही आली."

म्हणजे मांडवात पाय ठेवायच्या आधीच तिला माहीत होतं. तिथून ती एकटी उन्हातून चालत आली होती आणि चार बायांपुढे जाऊन उभी राहिली होती. माझं खोटं तिने तसंच राहू दिलं असतं, पण मलाच ते धरवेना. मी सगळं सांगितलं. नागपूरची पार्टी, ताक, काळी एक, सगळं. ती मधे एकदाच हसली, ताकाला.

"मंग तू गायली कशी?" मी विचारलं. "पेटी नाही, सा कोणी देला?"

"कोणी नाही. भेव वाटलं तं तोंडातून जिथून निघाला तिथून सुरू केलं."

"कोणत्या पट्टीत?"

"मले काय माईत, लहाने. पट्टी तं तुले समजते."

सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पेटी आणलीच हाय इतल्या दुरून, तं वाजव ना. म्हण गं, दुपारचं म्हण."

मी चादर सोडली, भाता उघडला आणि बोट आपोआप लाल ठिपक्यावर गेलं. काळी चार. सा वाजला, आणि त्यासरशी बाईने त्याच सुरावरून गाणं सुरू केलं. विचारही न करता. आमच्या बाबांनीच जुळवलेलं, पुनवेच्या चांदण्याचं गाणं होतं, आम्ही शेकडो वेळा म्हटलेलं. मी सराईतासारखी वाजवत गेले. तोच जुना गोड, दबलेला आवाज. अंगणाच्या कुडापलीकडेही गेला नसता.

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "असं नव्हतं दुपारी," त्या म्हणाल्या. "हे काय बारीक बारीक म्हणून राहिली?"

बाई थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, चोरी पकडल्यासारखं, आणि पटकन खिरीकडे वळली. ती लाजली होती. माझ्यासाठी लाजली होती.

मी भात्यावरचा हात काढून घेतला. "तू म्हण," मी म्हटलं. "मी सुरू नाही करत. दुपारी जिथून म्हटलं तिथून म्हण. मी शोधते."

 मग तिने गळा खाकरला, आणि ते गाणं निघालं. मी ते गाणं ओळखलं, पण आवाज ओळखला नाही. नदीवरचा होता तो. शेजारच्या अंगणातली भांडी वाजायची थांबली. मी काळी चारवरून एकेक सूर चढत गेले. पांढरी सहा, नुसती हवा. काळी पाच, नाही. पांढरी सात, नाही. मग पांढरी एक, वरची. तिथे तिचा सा होता.

मी तो धरून ठेवला आणि पुढचा सूर लावायला बोट सरकवलं. पांढरी एकच्या पुढे रे येतो पांढरी दोनवर. दाबला, तर फस्स करून हवा गेली. तिचा आवाज त्या जागेवरून लखलखीत वर गेला आणि पेटीतून काहीच आलं नाही. ध वर गेले, पांढरी सहा. तिथेही हवा. ती जिथे गात होती तिथे आमच्या पेटीला आवाज नव्हता, म्हणून बाबांनी काळी चार शोधली होती, आणि सहा वर्षं तिला तिथे आणून बसवली होती. आणि ती 'वर घे' म्हणायची तेव्हा मी म्हणायचे, वर पेटीच नाही.

मला हुंदका आला, तो मी दाबला नाही. बाई गाणं थांबवून म्हणाली, "काय झालं वं? चुकलं का माह्यं?"

"नाही," मी म्हटलं. "तुहं नाही चुकलं." मी भाता दाबून बंद केला, कडी लावली आणि चादर पुन्हा पेटीवर टाकली. "म्हण पुढचं."

"आन् पेटी?"

"पेटी राहू दे."

ती पळी धरून तशीच बसून राहिली, काय करावं न कळून. खीर गदगदत होती. मग सासूबाई ओट्यावरून उतरल्या, त्यांनी बाईच्या हातातली पळी काढून घेतली आणि माझ्या हातात दिली.

"हालव तू," त्या मला म्हणाल्या. "थे गात हाय तोपर्यंत थांबू नको, नाहीतर बुडाले लागन."

मी चुलीपुढे बसले आणि खीर हालवत राहिले.